पामच्या डायरीत गेम बॉय: जुन्या ऑर्गनायझरवर जुने गेम खेळायची सगळी खटपट

गेम बॉय, म्हणजे निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा गेम, त्याचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा होता. पाम पायलटचा, म्हणजे काडीने (स्टायलसने) चालवायच्या खिशातल्या इलेक्ट्रॉनिक डायरीचा, पडदा १६० बाय १६०. पहिला १९८९ चा, दुसरा १९९६ चा. एक पोरांसाठी आणि दुसरा मीटिंगा लक्षात ठेवणाऱ्या साहेबलोकांसाठी बनवलेला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, तरी रुंदी ठिपक्याला ठिपका जुळते आणि खाली वर सोळा ओळी उरतात. जुन्या ऑर्गनायझरवर जुने गेम खेळायच्या नादाला मी लागलो तो हे लक्षात आल्यावर.

फोनवर हेच गेम याहून छान चालतात, हे मान्य. पण फोनला बटणं नसतात, आणि फोनवर दर दोन मिनिटांनी कोणाचा ना कोणाचा मेसेज टपकतो. जुन्या पामांपैकी बहुतेकांना इंटरनेटच नाही. त्यावर फार तर तुम्हीच २००६ साली टाकलेला एखादा वाढदिवस वाजेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. आधी गेम मनात धरून मग त्यासाठी पाम शोधू नका. हातात कोणता पाम आहे ते पाहा आणि त्याला झेपेल तोच गेम निवडा. १६ मेगाहर्ट्झच्या मशिनवर काँट्रा खेळायला बसलात तर चिडचिडीपलीकडे काही मिळणार नाही. त्याच मशिनवर एखादा व्यापाराचा किंवा कोड्यांचा गेम लावलात तर जेवायची आठवण राहणार नाही.

कोणता पाम घ्यावा

पामची दोन घराणी आहेत आणि पुढचं सगळं या वाटणीवर अवलंबून आहे.

पहिलं घराणं मोटोरोलाच्या ड्रॅगनबॉल प्रोसेसरचं. पायलट, पाम ३, पाम ५, एम१०० ते एम५१५, हँडस्प्रिंगचे व्हायझर आणि सोनीचे सुरुवातीचे क्लिए. वेग १६ ते ३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, सोनीच्या काही मॉडेलांत ६६. पडदा बहुतेक वेळा १६० बाय १६०, सोनीकडे त्याच्या दुप्पट. आवाज म्हणजे एका वेळी एकच सूर काढणारी पिपाणी. यावर गेम बॉय चालतो, तोही धापा टाकत.

दुसरं घराणं २००२ च्या टंगस्टन टी पासून सुरू होतं. पाम ओएस ५, एआरएम जातीचा प्रोसेसर, ३२० बाय ३२० चा रंगीत पडदा आणि खरा आवाज. टंगस्टन ई, टी३, झायर ७१ आणि ७२, पाम टीएक्स हे सगळे याच घराण्यातले. आपल्याकडे ज्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचे, त्या पिवळ्या नाहीतर लाल कॅसेटी टीव्हीला लावून खेळायच्या डब्यातले गेम म्हणजे मुळात निन्टेंडोच्या एनईएसचे, किंवा जपानी नावाने फॅमिकॉमचे. एनईएसचा पडदा २५६ बाय २४०. तो ३२० च्या चौकोनात ताणाताणी न करता बसतो. कॅसेटवाले गेम हवे असतील तर हेच घराणं.

या पंगतीत टॅपवेव्ह झोडियाक वेगळाच. २००३ साली आला तोच गेमसाठी: ४८० बाय ३२० चा आडवा पडदा, डाव्या अंगठ्याखाली गोल जॉयस्टिक, एटीआयची ग्राफिक्स चिप, पोटात पाम ओएस ५. दोन वर्षांत कंपनीने गाशा गुंडाळला. आज तो संग्राहकांच्या भावात विकला जातो, म्हणून नवख्याला मी सुचवत नाही. कोणाच्या कपाटात धूळ खात पडलेला दिसला तर मात्र चहा पाजून मागून घ्या.

मला कोणी एकच मॉडेल सुचवायला सांगितलं तर मी दोन सांगतो. पाम एम१२५, कारण तो रिमोटमध्ये घालतो त्या दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो आणि त्याला एसडी कार्डाची खाचही आहे. वीस वर्षांपूर्वीची मेलेली बॅटरी हे या छंदातलं सगळ्यात मोठं दुखणं, आणि एम१२५ ला ते दुखणंच नाही. दुसरा टंगस्टन ई: १२६ मेगाहर्ट्झ, ३२ एमबी मेमरी, एसडी कार्ड, आणि भरपूर खपलेलं मॉडेल असल्यामुळे अजून सापडणारा. पुढच्या पायऱ्या या दोघांना धरून सांगतो. बाकीच्या मॉडेलांना थोडा फेरफार करून त्याच लागू पडतात.

विकत घेताना

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ऑनलाइन जुनं सामान विकणारे, नाहीतर नात्यातले एखादे निवृत्त बँक मॅनेजर. शेवटचा मार्ग सर्वोत्तम. त्यांच्याकडे डबा, चार्जर, पुस्तिका, सगळं जपून ठेवलेलं असतं.

सेलवर चालणारा पाम असेल तर दोन नवे ट्रिपल-ए सेल खिशात घेऊन जा आणि तिथेच घालून पाहा. सेलच्या कप्प्यात हिरवट पांढरी बुरशी दिसली तर किंमत अर्ध्यावर आणा. थोडी बुरशी व्हिनेगर लावलेल्या कापसाने निघते, पण पत्र्याच्या पट्ट्या खाल्ल्या गेल्या असतील तर नाद सोडा.

चालू झाला की काडीने पडद्याच्या चारही कोपऱ्यांत टिचकी मारून पाहा. जुन्या पामचा स्पर्श दाबावर चालतो आणि तो कालांतराने सरकतो: तुम्ही एकीकडे टेकवता, मशिनला दुसरीकडे वाटतं. थोडं सरकलं असेल तर सेटिंगमध्ये जुळवून घेता येतं. एखादी पूर्ण पट्टीच बहिरी असेल तर घेऊ नका.

मग बटणं. खालची चार बटणं मुळात तारखा, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं यांची. गेममध्ये तीच तुमची ए आणि बी होतात. प्रत्येक बटण वीसेक वेळा दाबा. एकेक दाबून चालतं म्हणून खूश होऊ नका, दोन एकदम दाबून पाहा. काही मॉडेलांना तिरपी दिशा कळत नाही, तर काहींना दिशा आणि उडी एकत्र कळत नाही. एम१२५ ला तर दिशांची चकतीच नाही, मध्ये नुसतं वर खाली करायचं बटण आहे. डावं उजवं कडेच्या बटणांवर घ्यावं लागतं. मारिओसाठी हे फारच गैरसोयीचं आहे, टेट्रिससाठी चालून जातं.

चार्जिंगचा पाम असेल तर मागचं कव्हर किंवा पडदा फुगलेला दिसतो का ते बघा. फुगला असेल तर आत बॅटरी सुजली आहे. ती दाबू नका, टोचू नका, चार्जला तर अजिबात लावू नका.

जागं करणे

टंगस्टन ई ला दोन भोकं असतात. मिनी यूएसबीचं भोक डेटासाठी आहे, चार्जिंगसाठी त्याच्या शेजारचं गोल भोक. यूएसबीची केबल लावून रात्रभर वाट पाहणारे मला भेटले आहेत, त्यांतला एक मी स्वतः. मूळ चार्जर नसेल तर पामच्या पाठीवर किंवा पुस्तिकेत दिलेला व्होल्टेज आणि टोकाची अधिक-उणे दिशा जुळवूनच दुसरा घ्या. "पिन बसते ना, मग चालेल" या न्यायाने गेलात तर धूर निघेल.

बॅटरी मेली असेल तर ती बदलता येते, पण तारा सोल्डर कराव्या लागू शकतात. जुनी काढण्याआधी तिचा फोटो घ्या, लांबी रुंदी जाडी मोजा, आणि तारा दोन आहेत की तीन ते पाहा. पुण्यात तपकीर गल्लीत हा कागद घेऊन फिरलात तर काही ना काही जुळतं मिळतं. स्वतः सोल्डरिंग करत नसाल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याला द्या. त्याला हे काम दहा मिनिटांचं, फक्त "हे काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा.

चालू झाल्यावर जुन्या मालकाचा डेटा पुसा. माणुसकी म्हणूनही, आणि जागा मोकळी व्हावी म्हणूनही. चालू-बंदचं बटण दाबून धरायचं, मागच्या बारीक भोकात टाचणीने रिसेट दाबायचं, टाचणी काढायची, लोगो दिसला की चालू-बंद सोडायचं. सगळं पुसू का, असं विचारेल. वर सरकायचं बटण दाबलं की होकार. नुसतं टाचणीने दाबलं तर मशिन फक्त पुन्हा सुरू होतं, काही पुसलं जात नाही. हा दुसरा प्रकार नीट लक्षात ठेवा, एम्युलेटर (म्हणजे एका मशिनचं सोंग दुसऱ्यावर वठवणारा प्रोग्रॅम) अडकला की दिवसातून चारदा लागतो. पाम ३ च्या काडीचं टोक उघडलं की आत यासाठीच एक पिन दिलेली असे. असा विचार करणारे लोक आता कुठे गेले कोण जाणे.

आणि हे तर पाटीवर लिहून ठेवा: टंगस्टन टी५ आणि ट्रिओ ६५० च्या आधीच्या पामांत सगळा डेटा वीज असेपर्यंतच टिकतो. बॅटरी पूर्ण संपली की पाम कारखान्यातून आल्यासारखा कोरा. एम१२५ चे सेल बदलायला एक मिनिट मिळतं, तेवढ्यात नवे घालायचे. मी एका व्यापारी गेममध्ये तीन आठवडे पैसा जमवून मोठं जहाज घेतलं होतं. गावाला गेलो, पाम ड्रॉवरमध्ये राहिला. परत आलो तेव्हा त्याने मला नम्रपणे पहिल्या दिवसासारखं पडद्यावर ठिकठिकाणी टिचकी मारायला सांगितलं. तेव्हापासून कार्डावर बॅकअप घेतो. एनव्हीबॅकअप नावाचं फुकट साधन त्यासाठी पुरेसं आहे.

कार्ड, म्हणजे हॉटसिंकपासून सुटका

त्या काळी पाममध्ये काहीही घालायचं म्हणजे संगणकाला जोडलेल्या पाळण्यात ठेवायचं आणि हॉटसिंकचं, म्हणजे संगणकाशी देवाणघेवाण करायचं, बटण दाबायचं. आज तेच मोठं झंझट झालं आहे. ६४ बिट विंडोजला पामचे मूळ यूएसबी ड्रायव्हर चालत नाहीत. असीका नावाच्या कंपनीने काढलेला ड्रायव्हर वापरून काहींचं काम होतं. लिनक्सवर पायलट-लिंक अजून कामाला येतं. मॅकवर जुनं पाम डेस्कटॉप ३२ बिट असल्यामुळे कॅटालिनापासून बंदच.

म्हणून कार्डाची खाच असलेला पाम घ्या म्हटलं. कार्ड साधं एसडी हवं, २ जीबी किंवा कमी. ४ जीबीपासून पुढची कार्डं एसडीएचसी जातीची असतात आणि पामला ती ओळखता येत नाहीत. मोठ्या कार्डाचा हव्यासही नको. टेट्रिसचा गेम बॉयवरचा अख्खा गेम ३२ केबीचा. पहिला सुपर मारिओ ४० केबीचा. घराच्या कोपऱ्यात पडलेल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातलं १२८ एमबीचं कार्ड काढलंत तरी जन्मभर पुरेल.

कार्ड संगणकावर फॅट, म्हणजे फॅट१६ पद्धतीने फॉरमॅट करा. नाहीतर सरळ पाममध्ये घालून त्यालाच फॉरमॅट करू द्या, ते जास्त भरवशाचं. मग संगणकावर कार्डात पाम नावाचा फोल्डर आणि त्याच्या पोटात लाँचर नावाचा फोल्डर करा, दोन्ही इंग्रजी अक्षरांत. पामच्या प्रोग्रॅमच्या फायलींचं शेपूट पीआरसी असतं. त्या फायली लाँचरमध्ये टाकल्या की कार्ड पाममध्ये घातल्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या यादीत कार्डाचं नाव येतं, आणि त्याखाली तुमचे प्रोग्रॅम. टिचकी मारली की चालू. हॉटसिंक नाही, ड्रायव्हर नाही, काही नाही.

एक अडचण राहते. कार्डावरून चालवलेला प्रोग्रॅम तात्पुरता मेमरीत येतो आणि बंद केला की जातो. काही गेम त्यामुळे आपली सेव्ह फाइल विसरतात. असा गेम मेनूतल्या कॉपीने पामच्या आत घ्या.

एम्युलेटरच्या आधी हे खेळा

लोक घाईघाईने एम्युलेटरकडे पळतात. थांबा. पामसाठीच लिहिलेले गेम याहून सरस आहेत, कारण त्यांच्या लेखकांना माहीत होतं की हातात काडी आहे, आवाज नाही, आणि माणूस बसस्टॉपवर उभा आहे.

स्पेस ट्रेडर पहिला. पीटर स्प्रॉन्क यांनी लिहिलेला, २००२ चा, जीपीएल परवान्याखाली खुला. हजार क्रेडिट आणि एक फुटकळ यान घेऊन सुरुवात होते. १२० सूर्यमाला. इथे पाणी स्वस्त आहे, तिथे दुष्काळ पडलाय, भर माल आणि पळ. वाटेत चाचे, पोलीस आणि मोह. सगळं आळीपाळीने चालतं, म्हणजे बस आली तर पाम बंद करून खिशात टाकायचा. पुन्हा चालू केला की चाचा जिथल्या तिथे उभा. १६ मेगाहर्ट्झवरही हा गेम जराही अडखळत नाही.

दुसरा व्हेक्स्ड, ठोकळे डावी-उजवीकडे सरकवून जोड्या नाहीशा करायचं कोडं. तो काडीसाठीच जन्मला आहे. तिसरा जिराफ, जो पायलटच्या सीडीवरच येत असे: वरून अक्षरं पडतात आणि ती जमिनीला टेकायच्या आत ग्राफिटीच्या खुणांनी लिहायची. पामचं हस्ताक्षर शिकवायचं साधन म्हणून तो दिला जाई. टंगस्टन ई वर ग्राफिटीची दुसरी आवृत्ती आहे, तिथे काही अक्षरांची वळणं वेगळी आहेत, त्यामुळे जुन्या सवयीने खेळणाऱ्याची फजिती होते.

हे आणि असे हजारो प्रोग्रॅम पामडीबी या संग्रहात आणि इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. निवडताना फुकट किंवा खुल्या परवान्याचे आधी घ्या. त्या काळातली विकत घ्यायची सॉफ्टवेअर अनेकदा तुमच्या हॉटसिंकच्या नावावरून बनवलेला कोड मागत. तो कोड द्यायला विकणारा आता दुकानात नाही.

आता गेम बॉय

एम१२५ सारख्या ड्रॅगनबॉल मशिनसाठी फॉयनिक्स हा खुला, फुकट एम्युलेटर घ्या. त्या काळी लिबर्टी नावाचा विकतचा एम्युलेटर जास्त गाजला होता आणि त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑगस्ट २००० मध्ये लिबर्टी फुकटात पूर्ण करून देणारा एक 'क्रॅक' इंटरनेटवर फिरू लागला. चालवला की पाममधले सगळे प्रोग्रॅम पुसून टाकायचा. पाम ओएसवरचा पहिला ट्रोजन, म्हणजे भलतं सोंग घेऊन आत शिरणारा घातक प्रोग्रॅम, म्हणून अँटिव्हायरस कंपन्यांनी त्याची नोंद केली. तो लिहिला होता लिबर्टीच्याच एका निर्मात्याने. आजही जुन्या झिप फायलींत 'क्रॅक' शब्द दिसला की मी पुढे जातो.

फॉयनिक्स घालण्यात एक पायरी जास्त आहे, आणि ती का ते समजून घेतलं तर चुकणार नाही. जुन्या पामच्या आत फायली नावाचा प्रकारच नाही. सगळं डेटाबेसच्या नोंदींमध्ये ठेवलेलं असतं आणि एक नोंद जेमतेम ६४ केबीपर्यंत जाते. गेम बॉयचा गेम ३२ केबीपासून एक एमबीपर्यंत असू शकतो, म्हणून त्याचे तुकडे करून पीडीबी नावाच्या गठ्ठ्यात बांधावे लागतात. हे काम संगणकावर करायचं असतं, त्याचं साधन एम्युलेटरच्या पॅकेटात असतं. गेमची फाइल त्याला द्यायची, पीडीबी घ्यायची, पाममध्ये टाकायची. पाममध्ये गेम दिसत नसेल तर शंभरातल्या नव्वद वेळा हीच पायरी राहिलेली असते.

चालू केल्यावर पहिल्यांदा वाटेल, काहीतरी बिघडलंय. गेम बॉयचा प्रोसेसर चार मेगाहर्ट्झच्या थोडा वर आणि पामचा तेहतीस, मग एवढं रडतखडत का? कारण गेम बॉयची एकेक आज्ञा समजून ती दुसऱ्या भाषेत करून दाखवायला पामला बऱ्याच आज्ञा खर्चाव्या लागतात, आणि वर चित्रही काढायचं असतं. दुभाष्या मध्ये असला की बोलणं लांबतंच.

उपाय असा करा. आवाज पहिल्यांदा बंद, तसाही तो ऐकण्यासारखा नाही. मग फ्रेमस्किप, म्हणजे किती चित्रं गाळायची ते. दोनवर ठेवा, जमलं नाही तर तीन. त्यापलीकडे नेलात तर पडणारा ठोकळा उड्या मारत खाली येतो. तिसरा उपाय प्रोसेसर पळवायचा: ड्रॅगनबॉलसाठी आफ्टरबर्नर, ओएस ५ साठी लाइटस्पीड. थोडंसंच वाढवा, सेल लवकर संपतात आणि फार ताणलं तर मशिन अडकतं. बॅकअप नसताना हा प्रयोग करू नका.

बटणं लावताना माझी पद्धत: ए आणि बी उजवीकडच्या दोन बटणांवर, डावं उजवं डावीकडच्या दोनांवर, वर खाली मधल्यावर. गेम बॉयच्या स्टार्ट आणि सिलेक्टसाठी बटणं उरत नाहीत, ती पडद्यावर किंवा मेनूत मिळतात का ते एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये शोधा. आणि पामच्या सामान्य सेटिंगमध्ये आपोआप बंद व्हायची वेळ सगळ्यात जास्त करून ठेवा.

याच्यावर काय खेळावं? ज्यात विचार करायला वेळ मिळतो ते. कोडी, आळीपाळीच्या लढाया, भटकंतीचे लांबलचक गेम. धावायचे, उड्या मारायचे गेम इथे नकोत.

ओएस ५ वर कॅसेटवाले गेम

टंगस्टन ई किंवा त्यापुढच्या मशिनवर लिटल जॉन पाम घ्या. हा फुकट आहे आणि एकाच पोटात एनईएस, गेम बॉय, सेगाचा मास्टर सिस्टिम आणि मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेंडो अशी बरीच मशिनं सांभाळतो. झोडियाकसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे, ती साध्या पामवर घालू नका. याला गेमचे तुकडे करून द्यावे लागत नाहीत, कार्डावरच्या फायली तो थेट वाचतो. त्या कार्डावर कोणत्या फोल्डरात ठेवायच्या हे पॅकेटातल्या माहितीच्या फाइलीत दिलेलं असतं. ती फाइल वाचा. मी न वाचता एक संध्याकाळ घालवली.

१२६ मेगाहर्ट्झवर एनईएस आणि गेम बॉय मजेत चालतात. सुपर निन्टेंडोचा मोह टाळा, त्याला टी३ चे ४०० मेगाहर्ट्झ किंवा निदान टीएक्सचे ३१२ हवेत, आणि तिथेही अवघड गेम कुथतात.

एनईएसचा एखादा गेम नुसता काळा पडदा दाखवत असेल तर फाइल खराब आहे असं लगेच समजू नका. एनईएसच्या कॅसेटींत मेमरी वाढवायला वेगवेगळ्या चिपा घालत, त्या प्रकारांना मॅपर म्हणतात. सुरुवातीच्या साध्या गेमांत असली चिप नव्हतीच, ते सगळीकडे चालतात. नंतरच्या गेमचा मॅपर एम्युलेटरला माहीत नसेल तर तो गप्प बसतो. मग दुसरा गेम लावा, यावर इलाज नाही.

सेव्ह दोन प्रकारचं असतं. गेमचं स्वतःचं, जे कॅसेटमधल्या छोट्या बॅटरीवर टिकायचं, आणि एम्युलेटरचं, जे त्या क्षणाचा फोटो काढल्यासारखं सगळं गोठवून ठेवतं. रोजच्या खेळाला दुसरं सोयीचं. मात्र आठवड्यातून एकदा गेमच्या आत जाऊनही सेव्ह करा, कारण एम्युलेटरची आवृत्ती बदलली की जुने गोठवलेले क्षण उघडतीलच असं नाही.

गेम आणायचे कुठून

हा प्रश्न टाळून चालणार नाही. जुने झाले म्हणून गेमवरचा मालकी हक्क संपत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे हाती आलेल्या संगणक प्रोग्रॅमची स्वतःपुरती सुरक्षा प्रत करायची मुभा आहे. तुमच्याकडे खरी गेम बॉयची कॅसेट असेल तर जीबीएक्सकार्टसारखं उपकरण संगणकाला जोडून तिच्यातला गेम आणि सेव्ह दोन्ही काढून घेता येतात. कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल या मुभेत बसत नाही.

आणि आपल्या लहानपणीची ती '९९९९ इन १' कॅसेट माळ्यावर असेल तर तिचा आधार घेऊ नका. तीच मुळात चोरीची होती. त्या ९९९९ मधले खरे गेम किती होते हेही आपल्याला तेव्हाच कळलं होतं.

त्यापेक्षा सरळ वाट अशी की जुन्या मशिनांसाठी लोक आजही नवे गेम लिहितात आणि खुले सोडतात. गेम बॉयसाठी टोबू टोबू गर्ल आहे, २०१७ चा, सोर्स कोडसकट खुला. एनईएससाठी थ्वेट आहे, ज्यात गावावर पडणारी क्षेपणास्त्रं फटाक्यांनी पाडायची. गेम बॉयचे गेम बनवायच्या जीबी स्टुडिओ या साधनावर बनवलेले गेमही ढिगाने मिळतात, पण ते पाममधल्या जुन्या एम्युलेटरांना जड जातात. एकेक लावून पाहा.

अक्षरांचे गेम आणि माऊसचे गेम

पामवर सगळ्यात सुखात काय चालतं, असं विचाराल तर मी शब्दांचे गेम म्हणेन. १९७९ पासून इन्फोकॉम कंपनीने आपले मजकुरी गेम झेड-मशीन नावाच्या कल्पित यंत्रासाठी लिहिले, म्हणजे प्रत्येक संगणकासाठी फक्त ते यंत्र पुन्हा बनवायचं. पामसाठी ते फ्रोट्झच्या रूपात आलं. इन्फोकॉमच्या झॉर्क या गेमच्या काळातली गेम फाइल १२८ केबीच्या आत मावते. वेगाचा प्रश्नच नाही, तुम्ही विचार करत असताना मशिन नुसतं बसलेलं असतं. 'उत्तरेला जा' लिहायला ग्राफिटीत एकच अक्षर पुरतं. आजही शौकीन लोक याच यंत्रासाठी नव्या कथा लिहून फुकट देतात. अंथरुणात पडल्या पडल्या, दिवा मालवून, पामच्या हिरवट उजेडात एखादं भुयार पालथं घालणं हे सुख वेगळंच आहे.

मोठ्या मेमरीचा ओएस ५ पाम असेल तर माऊसचे जुने साहस-गेम चालवणारं स्कमव्हीएमही आहे. नव्या आवृत्त्यांत पाम नाही, जुनी आवृत्ती शोधून घ्या. त्याबरोबर बिनीथ अ स्टील स्काय घ्या: १९९४ चा टिचकी-साहसाचा गेम, २००३ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी फुकट केला. चित्र ३२० बाय २०० चं, म्हणजे पामच्या रुंदीला पुन्हा ठिपक्याला ठिपका, आणि माऊसच्या जागी काडी. फ्लॉपीची आवृत्ती घ्या, सीडीची बोलकी आवृत्ती बरीच मोठी आहे.

हातात पाम नसेल तर

विकत घ्यायच्या आधी चव बघायची असेल तर क्लाउडपायलट हा पामचाच एम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो, फोनवरही. त्याला पामची रॉम फाइल, म्हणजे खऱ्या पामच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरची प्रत, द्यावी लागते. इंटरनेट आर्काइव्हवर तर पामचे अनेक गेम पानावरच सुरू होतात. तिथे स्पेस ट्रेडर अर्धा तास खेळून बघा. कंटाळा आला तर जुन्या बाजारातली चक्कर वाचली.

मी एकदा गंमत म्हणून फोनमध्ये क्लाउडपायलट, त्यात पाम, त्यात गेम बॉय, त्यात टेट्रिस अशी उतरंड रचली. चाललं. ठोकळा खाली यायला इतका वेळ घेत होता की मधल्या वेळात मी दाराशी आलेल्या सिलेंडरवाल्याला पैसे देऊन परत आलो, तो अजून अधांतरीच होता.